साहेब रोज यायचे

आमचे पाळकसाहेब उपासनेत झोपलेल्या माणसाला कधीही उठवत नसत. बजाजनगरमधल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी सकाळी निम्मी माणसं रात्रपाळी संपवून थेट कंपनीतून यायची. दुकानांच्या मागे भाड्याने घेतलेला पत्र्याचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर खडखडणारे पंखे. पहिलं गीत संपेपर्यंत माना डुलायला लागायच्या आणि उपदेश सुरू झाला की मागच्या रांगांतून घोरणं ऐकू यायचं. मंडळीच्या एका पंचाने भर बैठकीत हा विषय काढला. देवाच्या घरात हे शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कुठं झोपावं त्यांनी? घरी गेले की पाण्याचा टँकर आलेला असतो, पोरं अंगावर पडतात. हितं तरी झोपू द्या."

"आणि तुमचा उपदेश?" पंच म्हणाले.

"माझ्या उपदेशाचं काय एवढं? एलीया संदेष्टा जीवाला कावून झुडपाखाली पडला होता. मरण मागत होता. देवानं त्याला उपदेश केला का? नाय केला. आधी झोपू दिलं. मग उठवून गरम भाकर दिली, पाणी दिलं, आन् परत झोपू दिलं. बोलायचं ते नंतर बोलला."

त्यांच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं मी पुन्हा क्वचितच ऐकली. साहेब बोलण्यात कच्चे होते, हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. उंच, थोडे वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आवाज कायम बसलेला. उपदेश करता करता मधेच धागा सुटायचा, मग ते "असो" म्हणायचे आणि पुढचा धागा सापडेपर्यंत आम्ही वाट बघायचो. शहरातल्या मोठ्या चर्चमधले पाहुणे वक्ते येत तेव्हा हॉल दणाणून जायचा. साहेबांचा उपदेश मात्र कधी कधी सूचनांपेक्षाही लवकर आटपायचा. ते शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, मिटायचे, वर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "आजचं झालं."

हे "आजचं" त्यांच्या बोलण्यात सारखं असे. कुणी उत्साहाने सांगितलं की मी एका बैठकीत अख्खं पुस्तक वाचून काढलं, तर ते कौतुक करायचे, पण चेहरा काळजीचा व्हायचा. "रानात लोकांना खायला आभाळातून मान्ना पडायचा, तो त्या दिवसापुरता," ते म्हणायचे. "लोकांनी उद्याचा बी गोळा करून ठेवला, तर त्यात किडे पडले. थोडंच खावं. पण रोज खावं."

तेव्हा मी हे बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आपलं बरं चाललेलं असताना माणूस असल्या गोष्टींकडे नीट लक्ष देत नाही.

माझा नवरा सुभाष वाळूजच्या एका कंपनीत टर्नर होता. लेकीचं लग्न होऊन ती जालन्याला गेलेली. घरात आम्ही दोघंच. एका दुपारी तो कामावरून आला, हातपाय धुवायला मोरीत गेला आणि तिथेच पडला. लकव्याने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सरकारी दवाखान्यातून आम्ही घरी आलो तेव्हा तो डाव्या हाताने फक्त चादर ओढू शकत होता, आणि तोंडातून एकच आवाज निघत होता, ज्याचा अर्थ कधी पाणी असायचा, कधी नको, कधी नुसता संताप.

सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असायचं. मंडळीतली माणसं यायची, डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना करायची, कपाळाला प्रार्थनेचं तेल लावायची. कुणी उपास धरले. एका बाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "रत्ना, विश्वास कमी पडतोय बघ कुठंतरी." मोबाइलवर सकाळी उगवत्या सूर्याच्या आणि गुलाबाच्या चित्रांवर छापलेली वचनं यायची. मी ती बघायची आणि फोन पालथा ठेवायची. पुढे माणसं कमी झाली. त्यात त्यांचा दोष नव्हता. प्रत्येकाच्या मागे कामाची पाळी होती, पोरं होती. लेकही महिनाभर राहून गेली. मी औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. पहाटे उठायचं, सुभाषचं सगळं करायचं, डबा करायचा, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून बस पकडायची, संध्याकाळी येऊन पुन्हा तेच. रविवारी मी हॉलमध्ये बसायची ती नुसती बसायची. गाण्यासाठी तोंडसुद्धा उघडायची नाही.

अशाच एका रविवारी सगळे गेल्यावर मी साहेबांना म्हणाले, "साहेब, मला आता प्रार्थना होत नाही. डोळे मिटले की काहीच येत नाही. राग पण येत नाही."

मला वाटलं होतं ते धीर देतील, एखादं वचन काढतील. ते खुर्च्या एकात एक घालत होते. हातातली खुर्ची खाली ठेवून म्हणाले, "मग करू नका."

"करू नको?"

"तुमच्या वाटची मी करतो सध्या. तुम्हाला जेव्हा करू वाटंल तेव्हा मला सांगा, मी थांबतो." आणि मग जरा विचार करून विचारलं, "सकाळी तुम्हाला सगळ्यात अवघड काय जातं?"

मला लाज वाटली, पण खरं तेच सांगितलं. अंघोळ. सुभाषला एकट्याला सोडून मोरीत जायची भीती वाटायची. दार अर्धवट उघडं ठेवून, कान बाहेर लावून, दोन तांबे अंगावर घेऊन मी बाहेर यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सायकलवरून आले. काखेत शास्त्र होतं. "जा," म्हणाले, "मी बसतो यांच्यापाशी."

त्या दिवशी मी मोरीचं दार लावलं, कडी घातली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेरून साहेबांचा बसका आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. फक्त कुणीतरी घरात आहे, एवढं कळत होतं. बाहेर आले तेव्हा ते शास्त्र मिटून चहाची वाट बघत बसले होते.

त्यानंतर ते रोज आले. सणावाराला आले, तापात आले, पावसाने रस्त्यावर तळं झालं तेव्हा पँट दुमडून आले. एक उतारा वाचायचे, तोही छोटासा. समजावून काही सांगायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "साहेब, जरा अर्थ सांगत जा." तर म्हणाले, "मला तरी कुठं सगळा कळलाय, ताई. वाचू, आन् पडू देऊ कानावर."

सुभाषला ते नको होते. सुरुवातीचे कितीतरी दिवस साहेब वाचायला लागले की तो भिंतीकडे तोंड करायचा. एकदा त्याने डाव्या हाताने चहाचा कप उडवला. चहा साहेबांच्या शर्टावर, शास्त्रावर, फरशीवर. मी धावत आले तेव्हा साहेब स्वतःच फडक्याने फरशी पुसत होते. मी ओरडले सुभाषवर. साहेब म्हणाले, "नका बोलू त्यांना. त्यांना बोलायचंय आन् बोलता येत नाय. कपानं बोलले." मग भिजलेली पानं बोटाने अलगद सोडवत बसले. दुसऱ्या दिवशी ते आले, नेहमीच्या जागी बसले आणि म्हणाले, "सुभाषराव, आजपासून रागावलेली स्तोत्रं वाचू. लई हायेत यात."

आणि खरंच त्यांनी ती वाचली. हे परमेश्वरा, आणखी किती दिवस? तू मला विसरलास का? तोंड का लपवलंस? माझी हाडं खिळखिळी झाली, माझी उशी आसवांनी भिजली, माझे सोबती माझ्यापासून लांब उभे राहतात. एकामागून एक नाही; रोज एक. लहानपणापासून मी चर्चमध्ये वाढले, पण ही गाऱ्हाणी अशी सलग कधी माझ्या कानावर पडली नव्हती. आम्हाला कायम गोड तेवढंच शिकवलेलं. एका सकाळी एका स्तोत्रात माणूस शत्रूचे दात पाडायला देवाला सांगतो, ते वाचून साहेब थांबले आणि म्हणाले, "बघा, दात पाडायला सांगतोय. देवाला! आन् देवानं हे शास्त्रात राहू दिलं."

सुभाष हसला. अर्धंच तोंड हसलं, दुसरं अर्धं खाली लोंबत राहिलं, पण तो हसला. त्याच्या घशातून आलेला तो आवाज ऐकून मी पोळपाटावरची चपाती तशीच सोडून दारात आले. साहेबही हसत होते. त्या दिवसानंतर सुभाषने भिंतीकडे तोंड केलं नाही.

पुढे कधीतरी त्याने शास्त्राकडे बोट केलं. साहेबांनी ते त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि सुभाषने बोट ओळीवर टेकवून पहिला शब्द काढायचा प्रयत्न केला. "हे". बस्, एवढाच शब्द. तो निघायला इतका वेळ लागला की माझी बस चुकणार अशी मला भीती वाटली. मी मधेच म्हणाले, "हे परमेश्वरा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, पण पहिल्यांदाच जरा कडक. "ताई, शब्द त्यांचा हाय. त्यांनाच काढू द्या."

मग महिन्यांमागून महिने असेच गेले. सुभाष एका शब्दावर अडून बसायचा, कपाळावर घाम यायचा, आणि साहेब खिडकीबाहेर समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसायचे, जणू त्यांना कुठेच जायचं नाही. मला कधी कधी चीड यायची. मी दमलेली असायची. माझ्या अंगात तेवढं थांबण्याचं बळ नव्हतं. पण ते कुणाच्या तरी अंगात आहे, आणि तो माणूस रोज सकाळी माझ्या घरात येऊन बसतो, याचा मला आधार वाटायला लागला होता. एक दिवस बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात देवाशी बोलतो आहोत. तक्रारच करत होते. संध्याकाळी हॉलवर जाऊन मी साहेबांना सांगितलं, "माझ्या वाटची आता थांबवली तरी चालेल." ते म्हणाले, "बरं झालं. माझं बी ओझं कमी झालं." आणि खुदकन हसले.

त्यांना मी एकदा विचारलं होतं, "साहेब, तुम्हाला कधी कंटाळा येत नाही?"

"येतो की. लई येतो."

"मग?"

"कितीतरी सकाळी नुसते शब्द वाचतो, ताई. आत काहीच हलत नाय. तापात माणसाला भाकरीची चव लागती का? तरी दोन घास खातोच ना. चव नसली तरी अंगाला लागायचं ते लागतं."

पाळकाने हे असं उघड कबूल करावं याचं मला त्या वेळी आश्चर्य वाटलं होतं. पण त्यांचा ताप किती दिवसांचा आहे, हे मला माहीत नव्हतं. त्यांची बायको, आमच्या पाळकीणबाई, आजाराने आतून पोखरली जात होती. हॉलच्या मागच्या दोन खोल्यांत ते दोघं राहायचे. आमच्याकडे येण्याआधी बाईंचं सगळं आवरून ते येत होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बाई उन्हाळ्यात गेल्या. छावणीकडच्या कब्रस्तानात त्यांना मूठमाती दिली तेव्हा ऊन इतकं होतं की फावड्याचा दांडा हाताला चटका देत होता. दुसऱ्या मंडळीचे पाळक आले होते, त्यांनी सगळे विधी केले. आमचे साहेब नुसते उभे होते, हातात शास्त्रही नव्हतं.

त्यानंतर साहेब यायचे थांबले. आम्ही समजू शकत होतो. रविवारी पंच उपासना चालवायचे, साहेब मागे एका खुर्चीवर बसायचे आणि आशीर्वाद व्हायच्या आधीच उठून जायचे. सुभाष रोज सकाळी दाराकडे बघायचा. एक दिवस त्याने स्वतःच शास्त्र मांडीवर घेतलं आणि मला दाराकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "ते येणार नाहीत." त्याने मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर हात आपटला. आपण जायचं, असं म्हणत होता.

सुट्टीच्या दिवशी मी रिक्षा आणली. रिक्षावाल्याने आणि मी मिळून त्याला आत बसवलं. साहेबांच्या घरी दार नुसतं लोटलेलं होतं. ते खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. ओट्यावर कुणीतरी आणून दिलेला डबा तसाच होता. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"बसा साहेब," मी म्हणाले.

"या. पाणी…" ते म्हणाले आणि खाटेवर परत टेकले. मग म्हणाले, "रत्नाताई, मला वाचवत नाय. पुस्तक उघडतो आन् मिटतो. तिला वाचून दाखवायचो मी. आता कुणाला वाचू?"

मी सुभाषकडे पाहिलं. त्याने शास्त्र उघडलं होतं. त्याचं ते ओळखीचं पान होतं, कडा चहाने पिवळ्या पडलेल्या. त्याने बोट टेकवलं आणि वाचायला लागला. "हे… पर… मेश्वरा… किती…" एक ओळ संपायला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही. बाहेर पाण्याचा टँकर आला, बायकांची भांडी वाजली, टँकर गेला. साहेब जमिनीकडे बघत ऐकत होते. एका शब्दावर सुभाष फारच अडला. मी ओठ दाबून धरले. साहेबांना तो शब्द पाठ होता, पण त्यांनीही तो सांगितला नाही. शेवटी तो निघाला. स्तोत्र संपलं तेव्हा सुभाषचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि साहेब लहान मुलासारखे हुंदके देऊन रडत होते.

रडू ओसरल्यावर त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "सुभाषराव, परत एकदा वाचा."

सुभाषने परत वाचलं. दुसऱ्यांदा जास्तच अडखळला, कारण तो दमला होता. पण पूर्ण वाचलं. मग मी डब्यातलं वरण गरम केलं आणि तिघंही जेवलो.

त्यानंतर साहेब पुन्हा यायला लागले. पण आता ते लवकर दमायचे. सायकल हातात धरून चालत यायचे. वाचायचं काम बहुतेक सुभाषच करायचा. वर्षभराने त्यांच्या मुलाने त्यांना सोलापूरला न्यायचं ठरवलं. त्यांची जायची इच्छा नव्हती, पण एकट्याने स्वयंपाक करणं त्यांना जमत नव्हतं, हे आम्ही सगळे बघत होतो.

निरोपाच्या रविवारी हॉल भरला होता. साक्षी सुरू झाल्या. साहेबांच्या प्रार्थनेने कुणाला नोकरी मिळाली होती, कुणाचा ताप उतरला होता, कुणाच्या सुनेला दिवस गेले होते. प्रत्येक साक्षीनंतर टाळ्या पडत होत्या. मग साहेबांच्या जागी आलेल्या नव्या तरुण पाळकांनी माझं नाव घेतलं. मी उठले. सगळे माझ्याकडे आणि चाकांच्या खुर्चीतल्या सुभाषकडे बघत होते. माझ्याकडे सांगण्यासारखा चमत्कार नव्हता. सुभाषचा उजवा हात अजून लोळागोळाच आहे. तो पुन्हा कधी कंपनीत जाणार नाही. मी अजून पहाटे उठते आणि रात्री पाठ टेकते तेव्हा पाय ठणकत असतात.

"माझे मिस्टर बरे झाले नाहीत," मी म्हणाले. "मीही दमलेलीच आहे. पण साहेब रोज आमच्या घरी आले. रोज." एवढं बोलून मी खाली बसले. टाळ्या झाल्या नाहीत. मला वाटलं, आपण त्यांच्या निरोपाची वेळ खराब केली.

बाहेर मुलाची गाडी उभी होती. साहेब सगळ्यांना भेटत भेटत आमच्याजवळ आले. सुभाषचा लुळा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. माझ्याकडे बघून, आमच्यात भेटताना-निघताना म्हणतात तसं, म्हणाले, "सलाम, ताई. साक्ष बरोबर दिली." गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली, पण तेवढ्यात मुलाने गाडी वळवली आणि मोठ्या रस्त्याच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली.

मी खुर्ची ढकलत घरी निघाले. आमच्या गल्लीत वळताना सुभाषने हाताने थांब असं केलं. समोर वाघमाऱ्यांचं घर होतं. त्या घरातला तरुण माणूस कंत्राटावर कामाला होता. मशीनमध्ये पाय सापडल्यापासून तो घरात पडून होता. त्याची बायको दिवसभर धुणीभांडी करायला जायची. आमची ओळख फक्त येता-जाता बघण्याइतकी.

"त्याच्या… कडं," सुभाष म्हणाला. "उद्या."

मला पहिल्यांदा काय वाटलं, ते सांगते. मला वाटलं, आता हे आणखी कुठे बसवायचं? माझ्या सकाळीत जागा तरी कुठे आहे? मी खुर्ची पुढे ढकलली.

पण दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर उठले. सुभाषला तयार केलं. त्याने शास्त्राकडे पाहिलं आणि मग स्वतःच नको म्हणून मान हलवली. वाघमारे बौद्ध होते. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो दारातूनच दिसायचा. आम्हाला तिथे काही वाचायला जायचं नव्हतं.

मी कडी वाजवली. त्या बाईने दार उघडलं. केस विस्कटलेले, हात पिठाचे, डोळ्यांखाली काळं. तिला वाटलं आम्ही काही मागायला किंवा सांगायला आलो आहोत. "काय झालं, ताई?" तिने विचारलं. आत अंधारात खाटेवर तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

सुभाषने तोंड उघडलं. शब्द यायला वेळ लागत होता. मी थांबले. ती बाईसुद्धा, का कोण जाणे, पिठाचे हात तसेच धरून थांबली.

"बसू," सुभाष म्हणाला, "का… थोडं?"

तिने दार पूर्ण उघडलं.